‘सॉरी’ म्हटले, की झाले?

गेल्या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात पालकांचा मेळावा भरला होता. प्रमुख वक्त्या म्हणून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत अनेक वर्षे अध्यापन केलेल्या एक बाई आल्या होत्या. भाषण चांगले झाले. मुलांच्या शिस्तीविषयी त्यांनी सांगितलेल्या चार गोष्टी आम्हांलाही पटल्या. परंतु बोलण्याच्या ओघात त्या एक वाक्य उच्चारून गेल्या आणि सभागृहाने हसून टाळ्या वाजवल्या. “मराठीत ‘सॉरी’ला शब्दच नाही, म्हणून मराठी माणसाला सॉरी म्हणता येत नाही.” टाळ्या वाजवणाऱ्यांत आमचेही हात होते, हे आधीच कबूल करून टाकतो. सभेत बसलेला माणूस शेजाऱ्याच्या टाळीला टाळी देतो. विचार करतो तो घरी गेल्यावर.

घरी गेल्यावर मात्र ते वाक्य माशाच्या काट्यासारखे घशात टोचू लागले. मराठीत शब्द नाही? ज्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, मराठी गद्याचे पहिले पाऊल जिथे उमटले, त्या जिल्ह्यात उभे राहून आपण असे म्हणतो? ज्या भाषेत थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूने १५७९ साली गोव्यात येऊन, ती शिकून, १६१६ मध्ये दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले, त्या भाषेत? पापाची, पश्चात्तापाची आणि क्षमेची सबंध कथा त्या इंग्रजाने मराठीत सांगितली, आणि शब्द अपुरे पडले अशी तक्रार त्याने केली नाही. उलट या भाषेची त्याने मुक्तकंठाने स्तुती केली. चारशे वर्षांनी आम्ही ख्रिस्ती मराठी माणसेच म्हणतो, की एका साध्या क्षमेच्या शब्दासाठी आम्हांला त्याच्या मायबोलीकडे उसनवारी करावी लागते!

तरीही आम्ही गप्पच राहिलो असतो. पास्खा सणानंतर पंधरा दिवसांनी सेमाडोहला जे घडले, त्यामुळे लेखणी उचलणे भाग पडले.

सेमाडोह आमच्या पुष्कळ वाचकांनी पाहिलेले असेल. परतवाडा सोडून घाट चढत, घटांगवरून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी हे गाव वसले आहे. १९७४ साली मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला, पुढे वनखात्याचे पर्यटन संकुल येथे उभे राहिले, आणि अमरावती-अकोल्याच्या माणसाने जंगल पाहायचे म्हणजे सेमाडोहला जायचे, असे जणू ठरूनच गेले. गाव मुख्यतः कोरकूंचे. त्यांची बोली आपल्या मराठीच्या कुळातली नव्हे. तिची भावंडे दूर पूर्वेकडे, संथाळी आणि मुंडारी. ‘कोरो’ म्हणजे माणूस, त्याचे अनेकवचन ‘कोरकू’. म्हणजे त्यांनी स्वतःला दिलेले नाव एवढेच, की आम्ही माणसे आहोत.

त्या दिवशी आमच्या धर्मग्रामातील सहा-सात कुटुंबे दोन गाड्यांतून तेथे गेली होती. एप्रिल महिना, मोहाच्या फुलांचा हंगाम. पहाटे अंधारात झाडाखाली जायचे, एकेक फूल वेचायचे, टोपल्या भरून घरी आणायच्या आणि अंगणात, रस्त्याच्या कडेला, जिथे ऊन लागेल तिथे वाळत घालायच्या, हा त्या दिवसांतला तिथला घरोघरचा उद्योग. वाळलेला मोह म्हणजे त्या घराच्या हातात येणारा रोख पैसा. गावाच्या टोकाशी एका घरासमोर झाडून-सारवून ठेवलेल्या जमिनीवर असाच मोह पसरलेला होता. आमची पुढची गाडी वळवून घेताना मागे आली आणि तिची चाके त्या मोहावरून गेली. गाडी नुकतीच नदीकाठाहून वर आली होती. चाके ओल्या चिखलाने माखलेली. फुले चिखलात रगडली गेली. आतून एक बाई धावत बाहेर आली. गाडी चालवणाऱ्या आमच्याच मुलाने खिडकीतून मान बाहेर काढली, हसतमुखाने “सॉरी हं, मावशी!” म्हटले, आणि गाडी सरळ करून तो पुढे निघालाही.

मुलगा वाईट नाही. लहानपणी वेदीसेवक होता, घरात सर्वांशी गोडीने वागतो, आणि ‘मावशी’ हा शब्द त्याच्या तोंडून आपसूक आला, हेही ध्यानात घ्यावे. नाते मराठीतून जोडले. चूक मात्र इंग्रजीत टाकून दिली. ती बाई क्षणभर गाडीकडे पाहत राहिली. मग मागून चालत येणाऱ्या आम्हां मंडळींकडे वळून, आम्हांला समजावे म्हणून हिंदीत, एवढेच म्हणाली, “सॉरी बोला, लेकिन उतरा नहीं.”

शब्द पाचच. आमच्यापैकी एकालाही कोरकूतला एकसुद्धा शब्द येत नव्हता; तिला मात्र आमची हिंदी येत होती आणि आमच्या इंग्रजीची किंमतही तिने अचूक केली होती. पुढे काय झाले ते सांगूच. आधी हा शब्द आहे तरी कोण, कुठला, ते पाहू.

‘सॉरी’ हा अस्सल इंग्रजी मातीतला शब्द. प्राचीन इंग्रजीत ‘सार’ म्हणजे जखम, वेदना. त्यावरून ‘सारिग’ म्हणजे वेदनेने भरलेला, व्यथित. घसा दुखतो तेव्हा इंग्रज माणूस ज्याला ‘सोअर’ म्हणतो, तो त्याच ‘सार’चा वंशज, म्हणजे दुखरा घसा आणि मागितलेली माफी यांचे गोत्र एकच. जर्मन भाषेत हेच मूळ ‘झेअर’ या रूपाने उरले आहे आणि त्याचा अर्थ आता नुसता ‘फार’ एवढाच होतो. वेदनेचा शब्द झिजत झिजत वाक्याला जोर देण्यापुरता उरावा, हे शब्दांच्या नशिबात असते. पुष्कळांचा समज असा, की शोक या अर्थाच्या ‘सॉरो’पासून ‘सॉरी’ झाला. तसे नाही. ‘सॉरो’चे मूळ निराळे, चिंता-काळजी या अर्थाचे. दोन्ही शब्द शतकानुशतके शेजारी राहिले आणि एकमेकांसारखे दिसू लागले. दीर्घ संसार केलेली नवराबायको दिसू लागतात तसे.

आता या व्युत्पत्तीतून निघते काय? हे, की ‘सॉरी’ या शब्दात चुकीचा उच्चारच नाही. ‘मी व्यथित आहे’ एवढेच तो सांगतो. कोणी चूक केली, काय केली, कोणाचे नुकसान झाले, याविषयी तो मौन पाळतो. म्हणूनच इंग्रज माणूस कोणाच्या मृत्यूची बातमी ऐकून ‘सॉरी’ म्हणतो. आमच्याकडे इंग्रजी शिकलेली मुले प्रथम ते ऐकतात तेव्हा बुचकळ्यात पडतात: याने काय मारले त्याला, की हा माफी मागतो आहे? गोंधळ मुलांचा नव्हे. त्यांना शाळेत शब्दाची शेपटी शिकवली, शब्द शिकवला नाही. मृत्यूच्या प्रसंगीचा ‘सॉरी’ हाच खरा जुना ‘सॉरी’. धक्का लागल्यावरचा हा नंतरचा. ‘मी व्यथित आहे’ या पूर्ण वाक्यातून कर्ता आणि क्रियापद गळून पडली आणि सुटा, एकटा ‘सॉरी’ फेकण्याची रीत रूढ झाली, ती एकोणिसाव्या शतकात. कर्ताच गळाला! ज्या वाक्यात ‘मी’ नाही, त्या वाक्यात अपराधी शोधायचा कुठे?

कर्ता गेल्यावर शब्द मोकाट सुटला. ऐकू आले नाही, ‘सॉरी?’ खोली रिकामी नाही, ‘सॉरी’. साहेब भेटणार नाहीत, ‘सॉरी’. आणि सर्वांत धारदार तो ‘सॉरी, पण…’. त्या ‘पण’मागून काय येणार आहे हे ज्याला कळत नाही त्याने सभांना जाऊच नये. विशेषण म्हणून वापरला, तर हाच शब्द दयनीय, हलक्या प्रतीचा असा अर्थ देतो. त्या अर्थाने पाहता आजकालच्या पुष्कळशा ‘सॉरी’ स्वतःच ‘सॉरी’ अवस्थेत आहेत.

इंग्रजी भाषेवर आमचा राग नाही, हे येथे सांगितले पाहिजे. टेबल, बस, तिकीट हे शब्द आम्ही घेतले आणि ते आमचे झाले. शिवाय वेदनेचा शब्द माफीसाठी वापरणे हा इंग्रजांचाच खोडसाळपणा आहे, असेही नव्हे. आपला ‘दिलगीर’ पाहा. फारसीत ‘दिल’ म्हणजे हृदय आणि ‘गीर’ म्हणजे धरलेले. ज्याचे काळीज धरले गेले आहे तो दिलगीर, म्हणजे खिन्न, उदास. तोही चुकीविषयी बोलत नाही, स्वतःच्या मनाविषयीच बोलतो. म्हणूनच कार्यालयांना तो इतका प्रिय आहे. वर्तमानपत्रातला ‘दिलगिरी व्यक्त करतो’ हा ‘सॉरी’चाच फारसी मावसभाऊ. मुंबई दूरदर्शनने तर तीही तसदी घेतली नाही. चित्र गेले की ‘व्यत्यय’ अशी नुसती पाटी यायची. प्रामाणिकपणाच्या बाबतीत आम्ही त्या पाटीला वरचा क्रमांक देऊ.

पण आमचे दुसरे शब्द पाहा. ‘माफ’ अरबीतून आला. त्याच्या मुळाशी पुसून टाकणे, सूट देणे हा भाव आहे. शेतसारा माफ होतो, कर्ज माफ होते. म्हणजे ‘माफ करा’ म्हणणारा माणूस कबूल करतो, की माझ्याकडे तुमचे काही देणे निघते. संत मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत ज्या जागी आपण ‘अपराध’ म्हणतो, त्या जागी मूळ ग्रीक शब्द ‘देणे’, ‘कर्ज’ या अर्थाचाच आहे, हे आमच्या वाचकांनी या निमित्ताने आठवावे. ‘क्षमा’ संस्कृत, धातू ‘क्षम्’, म्हणजे सोसणे, आणि ‘क्षमा’ हे पृथ्वीचेही नाव. नांगर, कुदळ, पाय, सारे सोसते ती क्षमा. ‘क्षमा करा’ म्हणजे, तुम्हांला माझे सोसावे लागले, आणखी थोडे सोसा. या दोन्ही विनंत्या समोरच्या माणसाकडे तोंड करून उभ्या आहेत. त्याने ‘हो’ म्हणावे की ‘नाही’, हे त्याच्या हाती आहे. ‘सॉरी’ कोणाच्या उत्तरासाठी थांबत नाही. म्हणून तर तो चालत्या गाडीतूनही म्हणता येतो.

आणि या सर्वांहून आम्हांला प्रिय तो साधा, खेड्यातला, विनाअलंकार शब्द: ‘चुकलं’. ‘माझं चुकलं.’ चुकणे म्हणजे मूळचे हुकणे, सुटणे. वाट चुकते, नेम चुकतो, गाडी चुकते. बायबलच्या हिब्रू आणि ग्रीक भाषांत पापासाठी जे मुख्य शब्द आहेत, त्यांच्याही मुळाशी नेमका हाच भाव आहे: नेम चुकणे. धर्मपंडितांनी ज्या अर्थासाठी ग्रंथ लिहिले तो अर्थ आमच्या वऱ्हाडातील निरक्षर आजीच्या तोंडी रोज होता. आणि गंमत अशी, की ‘चुकणे’च्या शेजारीच मराठीत ‘चुकते करणे’ उभे आहे. हिशेब चुकता करणे, देणे फेडणे. दोन्ही एकाच पोटची की नाहीत, याचा वाद पंडितांनी घालावा. आम्हांला एवढे दिसते, की ज्याचे चुकले त्याने चुकते करावे, ही शिकवण आमच्या भाषेत नुसत्या शब्दांच्या शेजारातून मिळते.

मग मेळाव्यातल्या बाई पूर्णपणे चूक होत्या काय? येथे आम्हांला थोडे थांबावे लागते. शब्द नाहीत हे त्यांचे म्हणणे खोटे. परंतु मराठी माणसाला ते उच्चारता येत नाहीत, या म्हणण्यात जे सत्य आहे ते नाकारण्याइतके आम्ही भाबडे नाही. वाचकहो, आपल्या वडिलांनी आपल्याला ‘माझं चुकलं’ असे किती वेळा म्हटले, ते आठवून पाहा. सासूने सुनेला? मालकाने सालदाराला? मुख्याध्यापकाने शिपायाला? आमच्याकडे माफी पाण्याच्या उलट वाहते, खालून वर. धाकट्याने थोरल्याची मागायची, गरिबाने श्रीमंताची. ‘माफी मागणे’ या शब्दप्रयोगालाच अर्जाचा वास लागला आहे. थोरल्याची चूक झाली तर? तो गप्प राहायचा. फार तर संध्याकाळी पंगतीत मुलाच्या ताटात तुपाची धार थोडी जास्त पडायची, किंवा वडील अंगणातून विचारायचे, ‘जेवलास का रे?’ त्यात जे सांगायचे ते सांगून होई, आणि मुलालाही ते कळे. त्या तुपाच्या धारेची थट्टा आम्ही करणार नाही. अनेक घरांत तीच खरी समेटाची वेदी होती. पण ती घरातल्या माणसापुरती. सालदाराच्या ताटात ती कधी पडली?

‘सॉरी’ शिरला तो या फटीतून. हा शब्द मान न वाकवता म्हणता येतो. बाप मुलाला, साहेब शिपायाला, कोणीही कोणालाही म्हणू शकतो. कारण तो कोणाला काही देत नाही आणि कोणाकडे काही मागत नाही. आमच्या उच्चनीचतेने आमच्याच शब्दांना जे जड करून ठेवले, त्याची सोय आम्ही हलक्या शब्दाने लावली. दोष इंग्रजीला देऊन आम्हांला सुटता यायचे नाही.

या बाबतीत शेजाऱ्यांकडून शिकण्यासारखे आहे. सेमाडोहच्याच वाटेवर, परतवाड्याजवळ मुक्तागिरीचे जैन तीर्थ आहे. पर्युषण पर्वाच्या अखेरीस जैन बांधव घरातल्या लहानथोर सर्वांची, ओळखीच्या सर्वांची क्षमा मागतात. बाप मुलाची मागतो, शेठ नोकराची. ‘मिच्छामि दुक्कडं’ या प्राकृत वचनाचा अर्थच असा, की माझे दुष्कृत निष्फळ होवो. आता तेही छापील शुभेच्छापत्रावर आणि भ्रमणध्वनीवर आले आहे, आणि तिथेही त्याचे ‘सॉरी’ होण्याची भीती आहेच. तरी वर्षातून एक दिवस उतरंड उलटी करण्याची ती कल्पना आमच्या धर्मग्रामांनी निदान हेवा करावा अशी आहे.

आणि शब्दाशिवायची रीत? एस. टी.त गर्दीत कोणाला पाय लागला, तर जुना माणूस काही बोलत नसे. चटकन वाकून ज्याला पाय लागला त्याला हात लावायचा आणि तो हात आपल्या छातीला किंवा कपाळाला लावायचा. समोरचा कोण, कोणत्या जातीचा, लहान की मोठा, हे पाहण्याइतका वेळच नसे. पाय लागलेल्या लहान मुलाच्याही अशा पाया पडणारी म्हातारी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यात वाकणे होते, स्पर्श होता, आणि ज्याला लागले त्याच्यापर्यंत हात पोहोचत होता. आता त्याच गर्दीत त्याच माणसाचा नातू खिडकीबाहेर पाहत ‘सॉरी’ म्हणतो. आम्ही याला प्रगती म्हणतो आणि मुलाला शाबासकी देतो.

आम्हां कॅथलिकांना तर याहून अधिक कळायला हवे. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण काय शिकलो? प्रायश्चित्त संस्कारात माणसाकडून तीन गोष्टी अपेक्षित असतात: मनाने पश्चात्ताप, मुखाने पापनिवेदन, आणि हाताने भरपाई. ‘सॉरी’ अगदी मनापासून म्हटला तरी त्यातून पहिलीच गोष्ट साधते, आणि तीही ऐकणाऱ्याने विश्वास ठेवायचा. ‘चुकलं’ दुसरीपर्यंत नेतो. तिसरीसाठी गाडीतून उतरावेच लागते. लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या पुत्र घरी परतताना वाटेत वाक्य जुळवतो, ते ‘मला वाईट वाटते’ असे नाही. ‘मी पाप केले’ असे आहे. जक्कय तर पश्चात्तापाचा शब्दही उच्चारत नाही. तो उभा राहून सरळ हिशेब मांडतो: अर्धी मालमत्ता गोरगरिबांना, आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत. येशूने त्याला ‘आधी सॉरी म्हण’ असे सांगितले नाही.

येथे कोणी दिवंगत पोप फ्रान्सिस यांचा दाखला देईल. १३ मे २०१५ रोजी कुटुंबांविषयी बोलताना त्यांनी तीन शब्द घरात असलेच पाहिजेत असे आग्रहाने सांगितले होते. विनंतीचा, आभाराचा आणि क्षमेचा. ते अगदी खरे. पण त्याच प्रवचनात त्यांनी हेही सांगितले, की भांडण झाले तर समेट केल्याविना दिवस मावळू देऊ नका, आणि त्या समेटाला मोठे भाषण लागत नाही, शब्दावाचून एक मायेचा स्पर्शही पुरतो. ही आमची तुपाची धार नव्हे काय? ते शब्द त्यांनी इटालियनमध्ये उच्चारले, ऐकणाऱ्यांच्या भाषेत. आम्ही मात्र ते घरी आणताना इंग्रजीत करून आणले.

आमच्या ख्रिस्तसभेलाही हा धडा सोपा गेलेला नाही. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी संत पीटरच्या महामंदिरात ख्रिस्तसभेच्या पुत्रकन्यांच्या ऐतिहासिक अपराधांबद्दल देवाची क्षमा मागितली. २५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस चाकाच्या खुर्चीवरून कॅनडातील मास्क्वासिस येथे गेले आणि तेथील आदिवासींसमोर, निवासी शाळांत त्यांच्या मुलांवर जे अत्याचार झाले त्याबद्दल क्षमायाचना केली. रोममधून पत्र पाठवता आले असते. ते स्वतः गेले. म्हणजे तेही उतरलेच. आणि हा आरंभ आहे, शेवट नव्हे, असे तेथे त्यांनीच सांगितले.

राज्यकर्त्यांची गोष्ट निराळी. ‘सॉरी’ शब्दाचे मालक जे इंग्रज, त्यांच्या पंतप्रधान थेरेसा मे २०१९ साली, जालियनवाला बागेच्या शताब्दीला, संसदेत खेद वाटतो म्हणाल्या. माफी काही मागितली नाही. पाय लागला तर दिवसातून वीस वेळा ‘सॉरी’ म्हणणारे राष्ट्र, गोळ्या लागल्यावर मात्र शब्द तोलू लागले. ऑस्ट्रेलियात आदिवासींची मुले आईबापांपासून तोडून नेली होती. १९९९ साली तेथील संसदेने खेद व्यक्त केला, परंतु ‘सॉरी’ हा शब्द टाळला, आणि तो उच्चारायला केविन रड यांच्या रूपाने २००८ साल उजाडावे लागले. फुकट वाटला जाणारा शब्द खरोखर द्यायची वेळ आली की किती महाग होतो, पाहा.

आणि मेळघाट? १९९३ साली येथल्या बालमृत्यूंची वार्ता राज्यभर गाजली. तेव्हापासून या रस्त्याने किती गाड्या आल्या आणि गेल्या असतील. खेद सर्वांनाच वाटला. कोहा, कुंड, बोरी ही गावे व्याघ्र प्रकल्पातून उठून अकोट तालुक्यात वसवली गेली. वाघासाठी, म्हणजे अखेर आपल्या सर्वांसाठी. २००६ सालच्या वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकात वनवासी जमातींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याचे संसदेने नमूद केले आहे. ही भाषा ‘दिलगीर’ची नव्हे, ‘चुकलं’ची आहे, म्हणून आम्ही तिचा आदर करतो. ‘चुकते करणे’ मात्र कागदावर होत नसते. ते किती झाले, हे विचारायचे तर अमरावतीच्या कार्यालयात विचारून भागणार नाही. ज्यांचे देणे आहे त्यांना विचारावे लागेल.

तर त्या दिवशी सेमाडोहला.

आमच्या मंडळींत एक वयस्क बाई होत्या, धर्मग्रामात त्यांना सगळे माई म्हणतात. त्यांनी पुढची गाडी थांबवायला लावली, त्या मुलाला खाली उतरवले, आणि स्वतः पदर खोचून त्या अंगणात बसल्या. मुलगा प्रथम उभाच होता. मग तोही बसला, आणि नाइलाजाने आम्हीही. चिखलाबाहेरची फुले एका टोपलीत, थोडी माखलेली दुसऱ्या टोपलीत धुण्यासाठी, आणि चाकाखाली गेलेली बाजूला, अशी निवड करीत अर्धापाऊण तास गेला. मोहाचा तो गोड, डोक्यात जाणारा वास हातांना दोन दिवस येत होता. वाघ पाहायची वेळ टळून गेली. पाठीमागे एकदोघे कुरकुरले, तेही लिहून ठेवतो.

“माझं चुकलं, मावशी, मी पाहिलं नाही,” असे मुलगा शेवटी खाली मान घालून म्हणाला. त्या बाईला मराठी कितपत कळले ठाऊक नाही, पण तिने मान हलवली. मग आम्ही वर्गणी काढून दोनशे रुपये तिच्या हातावर ठेवले. ती नको म्हणेल आणि आम्ही आग्रह करू, असे आम्हांला वाटले होते. शहरातल्या माणसाच्या मनात अशा प्रसंगाचे चित्र आधीच तयार असते. तिने तसे काही केले नाही. बाजूला काढलेल्या, रगडलेल्या फुलांच्या टोपलीकडे एकदा पाहिले, टोपली हाताने उचलून अंदाज घेतला, नोटा मोजल्या, आणि शांतपणे सांगितले, “साठ कम है.”

मुलाने खिशातून साठ रुपये काढून दिले.